विरजणाच्या खोलीचे अर्धे दार

मांगारिमू रोडवरच्या चीज फॅक्टरीत विरजणाच्या खोलीला तबेल्याला असते तसे दोन भागांचे दार होते. खालचा भाग कायम बंद, वरचा कायम उघडा. त्या खालच्या भागावर आतून कोपरे टेकून चीज बनवणारा आयव्हर लस्क उभा असायचा आणि बाहेरून सगळा रस्ता. वर्न झीग्लर रोज सकाळी त्या दारापाशी अर्धा तास माणसांत असे. उरलेला दिवस गाईंत.

वर्नचे शेत रस्त्याच्या पार टोकाला, जिथे तारानाकीच्या डोंगराची झाडी सुरू होते तिथे. त्याचे आजोबा स्वित्झर्लंडहून आले, त्यांनी ती झाडी तोडून कुरण केले, आणि त्या कुरणावर आता वर्न एकटा उरला होता. आई गेल्यापासून घरात दुसरे माणूस नव्हते. तो गाईंशी बोलायचा, पण गाय काही उलट बोलत नाही आणि माणसाला उलट बोलणारे कोणीतरी लागते. लग्नाचे काय, असे कोणी विचारलेच तर तो कुंपणाचा विषय काढायचा.

म्हणून ते दार. तिथे यायला आमंत्रण लागत नव्हते आणि कारणही शोधावे लागत नव्हते. सकाळी फॅक्टरीला दूध घालायचे, मग गाडी वळसा घालून निवळीच्या टाकीखाली लावायची. चीज बांधून झाले की जे हिरवट पाणी उरते ती निवळी. रिकाम्या झालेल्या त्याच कॅनमध्ये ती भरून घरी डुकरांना न्यायची. टाकीचा पाइप डोक्यावर होता आणि त्यातून धार कमी, फवारा जास्त. त्या फवाऱ्यात न्हाऊन निघालेले गडी मग दारापाशी जमायचे. आयव्हरची बायको डल्सी चहाची किटली आणि आल्याचे छोटे केक ठेवून जायची. या जमावाला सगळे पार्लमेंट म्हणत. खऱ्या पार्लमेंटपेक्षा तिथे काम बरे चालायचे, कारण कोणालाच निवडून यायचे नव्हते.

"काय वर्न, वरून डोंगर दिसतोय का?" आयव्हर रोज विचारायचा.

"दिसतोय."

"मग पाऊस येणार."

"आणि दिसत नसता तर?"

"तर आलेलाच असता, लेका."

चीजच्या हौदांवर काम करणारा तामती पेहिमाना हात पुसत बाहेर यायचा आणि वर्नला आपल्या भाषेत होआ, म्हणजे मित्रा, म्हणत त्याच्या मागे लागायचा. "परवा तुझ्या कॅनमध्ये बेडूक होता, होआ. आम्ही त्याचं नाव वर्न ठेवलं. पण नाही जमलं. फार बोलतो."

वर्न हसायचा. दिवसभराचे हसणे तेवढ्यात उरकून घ्यायचा.

सत्तावन्न सालच्या त्या वसंतात रग्बीची मानाची ढाल तारानाकीच्या संघाने जिंकून आणली होती आणि पार्लमेंटला दुसरा विषय नव्हता. गवत असे माजले होते की गाई दुधाने फुटायला आल्या होत्या. आणि दुधाच्या ऐन त्या महापुरात हौद मेला.

वर्न नेमका तिथे होता. सकाळी कॅनचे झाकण विसरला म्हणून दुपारी परत आला होता. आयव्हर हौदापाशी तापलेली सळई घेऊन उभा होता. विरजण लागून दही नीट आंबले की नाही हे बघायची ती रीत: दह्याचा लहानसा गोळा तापल्या सळईला टेकवायचा आणि अलगद ओढायचा. आंबट पुरेसा असेल तर रेशमासारखे धागे निघतात आणि धाग्यांच्या लांबीवरून पुढचे काम ठरते. त्या दुपारी आयव्हरने गोळा टेकवला, ओढला. धागा नाही. पुन्हा टेकवला. गोळा सुटून हौदात पडला.

"विरजण कधी घातलंस?" वर्नने विचारले.

"रोजच्या वेळी. रोजचं." आयव्हरने दही चाखले आणि तोंड कडू झाल्यासारखे केले, खरे तर ते गोड लागत होते म्हणून. "मेलंय. एवढ्या दुधाला कोणी हात लावला नाही असं पडलंय."

सगळा हौद डुकरांना गेला. दोन दिवसांनी दुसरा गेला. मग एकाआड एक. प्रत्येकाने आपापला चोर धरला. कोणी म्हणाले गाईंना टोचलेले औषध दुधात उतरले, कोणी म्हणाले तामतीने बॉयलरकडे दुर्लक्ष केले. तामती म्हणाला, "हो, बॉयलर मीच फितवलाय." आयव्हर मात्र कोणालाच काही म्हणत नव्हता. तो खोली घासत होता. बाटल्या उकळत होता, फरशी घासत होता, हात घासून घासून सोलून घेत होता. त्याचे घर फॅक्टरीचे, त्याचे नाव फॅक्टरीचे. आणि सकाळी दारात तसाच उभा राहून डोंगराचे विचारत होता, पण उत्तर ऐकत नव्हता.

फॅक्टरी सहकारी, रस्त्यावरच्या शेतकऱ्यांची. चेअरमन पर्सी हॅस्किनने संचालकांची बैठक बोलावली. वर्नही संचालक होता. तो बैठकीत बोलत नाही म्हणून सगळ्यांनी त्याला एकमताने निवडले होते.

"सरळ सांगतो," पर्सी म्हणाला. "मोठी कंपनी आपलं दूध गिळायला आ वासून बसली आहे. महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही तर आपण कुलूप लावायचं आणि दूध त्यांना द्यायचं. मला काही हौस नाही. माझ्या बापानं या भिंतीच्या विटा वाहिल्यात."

तेव्हा पामर्स्टनच्या प्रयोगशाळेतून मिस इनिस आली. बुटकी, चष्म्याची, स्वतःची गाडी स्वतः हाकणारी. तिने निवळीचे नमुने घेतले, धुळीचे घेतले, मेलेल्या हौदाच्या तळाचे घेतले, आणि आठवड्याने परत येऊन दारापाशी, सगळ्या पार्लमेंटसमोर सांगितले.

"विरजण म्हणजे जिवाणू. त्यांना विषाणू झालाय. जिवाणूहूनही कितीतरी बारीक. तो जिवाणूच्या आत शिरतो, आत आपल्यासारखेच शेकडो करतो आणि जिवाणू फोडून बाहेर पडतो. मग ते शेकडो पुढच्या शेकडोंना. दुपारपर्यंत हौद साफ."

"म्हणजे सर्दी सगळ्यांनाच होते म्हणायची," तामती म्हणाला.

"होते. पण सगळे मरत नाहीत, बघा. तुमचा मेलेला हौद मी दोन दिवस ठेवून दिला. तळाशी थोडे जिवाणू पुन्हा वाढले. कोटींतले मूठभर. त्यांना आता हा विषाणू काही करू शकत नाही."

"गोवर होऊन गेलेल्या पोरासारखं?" वर्नने विचारले. एवढ्या लोकांत तो आपणहून बोलला म्हणून दोघांनी वळून पाहिले.

"जवळपास तसंच. ते कसं शिकतात हे आम्हालाही कळलेलं नाही. त्या वाचलेल्यांचंच नवीन विरजण मी तुम्हाला देणार आहे." मिस इनिसने चष्मा पुसला. "पण त्यात एक खोच आहे. विषाणू काही दावणीला बांधलेला नाही. जिवाणू शिकला की तोही जरासा बदलतो आणि पुन्हा आत शिरायची वाट काढतो. जेवढ्या वेळा तो या खोलीत येईल तेवढी त्याला संधी. आणि तो येतो निवळीतून. निवळीच्या फवाऱ्यात तो खच्चून भरलाय. टाकी तिथे, तुम्ही तिच्याखाली, आणि मग तुम्ही इथे." तिने दाराच्या खालच्या भागावर बोट ठेवले. "हे दार बंद करा."

 

 लाजरा माणूस धीट होतो तो अशाच वेळी. वर्न म्हणाला, "कपडे बदलून आलो तर? फवारा कोटावर पडतो. कोट तिकडे काढायचा, बूट धुवायचे, धुतलेला कोट घालून इकडे यायचं. मग?"

मिस इनिसने त्याच्याकडे जरा वेळ पाहिले. "करून बघा," ती म्हणाली. तिलाही कळले असावे की हा कोटाबद्दल बोलत नाही.

मग जे सुरू झाले ते बघायला डल्सी रोज मुद्दाम खिडकीशी यायची. टाकीपलीकडे गडी कोट उतरवत, बुटांवर गरम पाण्याची झारी ओतत आणि घरून आणलेले स्वच्छ कपडे चढवत. पर्सी हॅस्किन अंत्ययात्रेचा काळा कोट घालून यायचा. एकाने बायकोचा गुलाबी स्वेटर आणला आणि तो इतका बेधडक घातला की चिडवणाऱ्यांचीच पंचाईत झाली. वर्नने आईच्या कपाटातून वडिलांचे लग्नातले जाकीट काढले. नवे विरजण आले. हौद जगले. सळईवरून धागे बोटभर लांब निघू लागले. आयव्हर पुन्हा उत्तर ऐकू लागला.

"डोंगर?"

"ढगात."

"आलाच मग पाऊस. ये, चहा घे, नवरदेवा."

ते दिवस वर्नला पुढे जन्मभर आठवले. एका दारासाठी एवढी मोठमोठी माणसे रोज सकाळी थंडीत कपडे बदलत होती. कोणी कोणाला तुझ्यासाठी करतो असे म्हणाले नाही, तिकडे तसे म्हणायची पद्धत नाही; पण केले.

आणि महिना संपायच्या आत हौद मेला.

मिस इनिस आली. तिने सगळ्यांना दारापाशी रांगेत उभे केले. कोट स्वच्छ, बूट स्वच्छ, हात साबणाने लाल. ती खालून वर पाहत गेली आणि कपाळाशी थांबली.

"टोप्या?" ती म्हणाली.

माणसे एकमेकांकडे बघू लागली. टोपी माणूस चर्चमध्ये काढतो आणि कोणी मेले तर काढतो. एरवी ती डोक्यावर असते, कान असतात तशी. कोट बदलायचा म्हटल्यावर कोट बदलला. टोपी बदलायची असते हे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. पाइप डोक्यावर, फवारा डोक्यावर, आणि वर्षानुवर्षांची निवळी प्यायलेली ती लोकरी टोपी घालून प्रत्येक जण त्या दारातून वाकून आत डोकावत होता.

तिने ओल्या कापसाने एकेक टोपी पुसून घेतली. चार दिवसांनी काचेच्या बशा घेऊन आली. बशीत जिवाणूंचा पांढरट थर होता आणि त्यात स्वच्छ, गोल भोके, कसर लागलेल्या ब्लँकेटसारखी. प्रत्येक भोक म्हणजे विषाणूचे घर. पर्सीच्या बशीत थोडी होती. वर्नच्या बशीत थर जवळजवळ उरलाच नव्हता. तो सगळ्यांत उंच, पाइपाच्या अगदी तोंडाशी उभा राहणारा, आणि टोपी वडिलांची, कधी न धुतलेली.

"टोप्याही काढू," पर्सी म्हणाला. "चर्चमध्ये काढतो, इथे काढू."

"आज टोप्या," मिस इनिस हळूच म्हणाली. "उद्या केस. परवा तुमचा कुत्रा. आणि ऐका, या टोप्यांवरचा विषाणू महिन्यापूर्वीचा नाही. महिन्यापूर्वीचा या नव्या विरजणाला मारू शकत नव्हता. हा मारतो. तो शिकला. मी पुन्हा वाचलेले शोधीन, पुन्हा विरजण देईन. पण तुम्ही जर त्याला रोज घरात आणून बसवणार असाल, तर तो पुन्हा शिकेल. मला खरंच वाईट वाटतं."

तिला वाटत होते. तिने डल्सीचे दोन केक खाल्ले होते आणि वर्नचे विनोदही ऐकले होते, दोनच होते ते.

बैठक फॅक्टरीच्याच ऑफिसात झाली. दार भिंत बांधून बंद करायचे, निवळीची टाकी रस्त्यापलीकडे न्यायची, आयव्हर सोडून कोणी त्या बाजूला फिरकायचे नाही. हो म्हणणारे तीन झाले, नाही म्हणणारे तीन. नाही म्हणणाऱ्यांनी वर्नकडे पाहून नाही म्हटले होते. दारावर कोणाचा जीव आहे हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होते. आता त्याचे मत तेवढे राहिले.

वर्न टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. ती उलटी करून तो म्हणाला, "बंद करा."

"नक्की?" पर्सीने विचारले.

"दार राहिलं आणि फॅक्टरी गेली, तर दाराचं मी काय करू?"

भिंत आयव्हरने आणि तामतीने एका रविवारी बांधली. शेवटची वीट लावताना आयव्हर बाहेरच्या बाजूला होता आणि वर्न त्याला पाट्या देत होता.

"वर्न, कधीतरी घरी ये," आयव्हर म्हणाला.

"येईन ना," वर्न म्हणाला.

ज्याला कोणाला तारानाकीची हवा ठाऊक आहे त्याला या दोन वाक्यांचा अर्थ सांगायला नको. कधीतरी म्हणजे कधीच नाही, आणि येईन म्हणजे तुला त्रास देणार नाही. दोघेही भले होते, म्हणूनच तसे घडले.

हौद पुन्हा मेला नाही. दोनतीन वेळा विरजण मंदावले, मिस इनिसने वाचलेल्यांतून नवे पाठवले, विषाणू बदलला, तिनेही बदलले. तो खेळ चालू राहिला, पण भिंतीच्या आत. चीजला पहिला दर्जा मिळू लागला. सकाळी लोक दूध घालत, रस्त्यापलीकडे निवळी घेत, गाडीतूनच हात हलवत आणि जात. पहिल्या वर्षी हात बराच वेळ हलायचा. मग स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचे. वर्न संध्याकाळी कधी मोठ्याने काही म्हणायला गेला तर आवाज खरखरत निघायचा, वापर नसलेल्या नळासारखा. त्याला आयव्हरची आठवण यायची आणि आयव्हर भिंतीपलीकडे, हाकेच्या अंतरावर असायचा.

खूप नंतर, वर्न ऐंशीच्या पुढे गेल्यावर, त्याच्या बहिणीची नात त्याला ही सगळी गोष्ट समजावून सांगणार होती. ती अशाच प्रयोगशाळेत होती. म्हणाली, मिस इनिसना जे कळलं नव्हतं ते आता कळलंय, आजोबा. विषाणूच्या तावडीतून वाचलेला जिवाणू त्या विषाणूचा बारीकसा तुकडा कापून आपल्याच अंगात जपून ठेवतो. पोराबाळांना देतो. पुन्हा तो आला की तुकडा जुळवून बघतो, ओळख पटली की त्याला कातरून टाकतो. म्हणून विषाणू नेमका तेवढाच भाग बदलून येतो, म्हणजे ओळख पटायला नको. वर्नने विचारले, "तेवढ्याशा जिवाला आठवण राहते?" राहते, ती म्हणाली. आठवण ठेवायला डोके लागत नाही हे त्याला फार पटले. 

पण ते पुढचे. सहासष्ट साली मोठ्या कंपनीने पुन्हा विचारणा केली. तोटा नव्हता, दोष नव्हता, फॅक्टरी उत्तम चालली होती. फक्त कंपनीचे टँकर आता प्रत्येकाच्या गोठ्यापर्यंत येणार होते. कॅन लादायचे नाहीत, सकाळी रस्त्याला लागायचे नाही. विलीनीकरणाला सभासदांची मंजुरी हवी होती. सभा हॉलमध्ये भरली. आयव्हर मागे भिंतीशी उभा होता. त्याला मत नव्हते, तो नोकर. त्याला खात्री होती की हा रस्ता नाहीच म्हणेल. ज्यांनी गुलाबी स्वेटर घातले ते नाही म्हणणारच.

पर्सीने हात वर करायला सांगितले आणि हात वर झाले. सहज, गुळगुळीत, पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत. कोणी रागावलेले नव्हते, कोणी दुःखी नव्हते. आयव्हरने वर्नकडे पाहिले. सगळ्यांत उंच माणसाचा हात सगळ्यांत उंच दिसत होता.

सभा सुटल्यावर आयव्हर बाहेर वर्नच्या गाडीपाशी थांबला. संध्याकाळचे ऊन डोंगरावर होते.

"तूसुद्धा, वर्न?"

वर्नने गाडीचे दार उघडले, पुन्हा लावले. नऊ वर्षांत ते दोघे इतके जवळ उभे राहिले नव्हते.

"टँकरवाला दारात येतो," तो म्हणाला. "शेजारच्या रस्त्यावर बघितलंय मी. पाइप लावला की दूध भरेपर्यंत त्याला काम नसतं. मग उभा राहून बोलतो."

आयव्हरला ते समजायला थोडा वेळ लागला. समजले तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की वर्नला नजर दुसरीकडे वळवावी लागली.

"त्यासाठी?"

"मग कशासाठी? इथे मी कॅन ठेवतो, कॅन उचलतो. नऊ वर्षं झाली. फॅक्टरी वाचवली आपण, आयव्हर. काय वाचवलं ते मला काही केल्या आठवतच नाही."

"मी तिथेच होतो, रे," आयव्हर म्हणाला. "भिंतीच्या आत. तुझी गाडी मला आवाजावरून कळायची. तू गेलास की मी बाटल्यांना म्हणायचो, डोंगर दिसत असेल आज."

"मग यायचं ना बाहेर."

"आणि तू घरी यायचं होतंस. मी म्हणालो होतो."

"कधीतरी ये म्हणाला होतास."

 हॉलमधून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. मग आयव्हरने वर्नच्या गाडीच्या टपावर हात ठेवला आणि जन्मात कोणाला सांगितले नसेल अशा स्पष्टपणे सांगितले, "उद्या ये. सकाळी साडेआठला, दूध घालून झाल्यावर. पुढच्या दारानं. डल्सीला सांगून ठेवतो."

वर्न म्हणाला, एक गाय विण्याच्या बेतात आहे, बघावे लागेल. मग म्हणाला, येतो.

घरी जाईपर्यंत त्याने गाडी अगदी सावकाश चालवली. उद्या काय बोलायचे ते तो जुळवत होता. दोन विषय सापडले, आणि तिसरा सापडेपर्यंत घर आले.